गायीचे पडसे

इसवी सन २०११ हे वर्ष पशुवैद्यकाच्या इतिहासात एका थोर विजयाचे वर्ष म्हणून नोंदले गेले आहे. ज्या बुळकांडीने शतकानुशतके आशिया, युरोप आणि आफ्रिका या खंडांतील गोठे रिकामे केले, जिच्या धास्तीने अठराव्या शतकात फ्रान्समधील लियों या शहरी जगातले पहिले पशुवैद्यक विद्यालय निघाले, आणि जिच्यासारख्या रोगांच्या बंदोबस्तासाठी हिंदुस्थान सरकारने १८८९ साली पुण्यात जंतुशास्त्राची प्रयोगशाळा स्थापून पुढे ती कुमाऊंतील मुक्तेश्वरच्या एकांत डोंगरावर हलविली, त्या बुळकांडीचे पृथ्वीच्या पाठीवरून समूळ उच्चाटन झाल्याचे २८ जून २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने रोम येथे जाहीर केले. देवीनंतर मनुष्याने संपूर्ण नाहीसा केलेला हा दुसराच रोग. परंतु त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात, म्हणजे या घोषणेला दोन-अडीच महिने अवकाश असताना, अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या एका पंधरा आठवड्यांच्या डुकराच्या नाकात फिरविलेला कापसाचा बोळा तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे रवाना झाला, आणि गुरांच्या रोगांच्या दप्तरातून एक नाव खोडले जात असतानाच दुसरे एक नाव त्यात चढण्याची सुरुवात झाली. या दुसऱ्या नावाची हकीकत बुळकांडीसारखी भीषण नाही. ती इतकी सौम्य आहे की, कित्येक वर्षे ती कोणाच्या ध्यानातच आली नाही. आणि ती ध्यानात का आली नाही हेच तिच्यातले शिकण्यासारखे आहे.

ते डुकराचे पिलू खोकत होते, त्याला ताप असावा तसे ते मलूल होते, आणि डुकरांच्या इन्फ्ल्यूएंझाची सर्व लक्षणे त्याच्या ठिकाणी दिसत होती. मिनेसोटा राज्यातील वर्दिंग्टन या गावच्या ज्या पशुरोग प्रयोगशाळेत तो नमुना पोहोचला, तेथे बेन हाउस नावाचे संशोधक काम करीत होते आणि त्याच सुमारास साउथ डकोटा स्टेट विद्यापीठात फेंग ली यांच्या मार्गदर्शनाखाली आपला प्रबंधही सिद्ध करीत होते. नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे नमुन्याची इन्फ्ल्यूएंझा ‘अ’साठी परीक्षा झाली आणि ती नकारार्थी आली. बहुतेक ठिकाणी अशा नमुन्याची कैफियत येथेच संपते. नकाराचा शेरा मारला जातो आणि बाटली फेकली जाते. येथे तसे झाले नाही. पेशींच्या पेल्यात त्या नमुन्यातील काहीतरी वाढत होते आणि पेशींचा नाश करीत होते, हे पाहून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घातले गेले, तेव्हा पृष्ठभागावर काटे असलेले, इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूंशी तंतोतंत साम्य सांगणारे कण तेथे दृष्टीस पडले. परीक्षा म्हणते इन्फ्ल्यूएंझा नाही आणि डोळा म्हणतो इन्फ्ल्यूएंझाच आहे, अशा या पेचाचा उलगडा त्या विषाणूच्या जनुकांची अक्षरे वाचल्यावर झाला: या विषाणूचे सर्वांत जवळचे नाते माणसाच्या इन्फ्ल्यूएंझा ‘क’शी होते, परंतु ते नातेही दूरचे, प्रथिनांच्या घटकांत निम्म्याच्या आसपास साम्य दाखविणारे असे होते.

या घराण्याची वंशावळ येथे थोडक्यात सांगितली पाहिजे. १९१८ च्या महासाथीच्या काळात अमेरिकेच्या आयोवा प्रांतातील डुकरांतही तशाच प्रकारचा रोग आढळून आला होता, आणि रिचर्ड शोप यांनी १९३१ साली डुकरांमधून त्याचा विषाणू वेगळा करून दाखविला. दोनच वर्षांनी लंडनमध्ये स्मिथ, अँड्रूज आणि लेडलॉ या त्रयीने फेरेट नावाच्या, मुंगसाची आठवण करून देणाऱ्या प्राण्याच्या साहाय्याने माणसातील विषाणू मिळविला. तो ‘अ’ ठरला. १९४० साली ‘ब’ आणि १९४७ साली ‘क’ असे त्याचे दोन भाऊबंद उजेडात आले. ‘अ’ हा या कुटुंबातला फिरस्ता. त्याचे मूळ घर रानटी पाणपक्ष्यांत असून तेथून तो कोंबड्या, डुकरे, घोडे आणि माणसे यांच्याकडे जाऊन राहतो, वेष पालटतो, आणि अधूनमधून महासाथ होऊन अवतरतो. ‘ब’ प्रायः माणसाचाच. ‘क’ हा लहान मुलांना साधे पडसे देऊन जाणारा गरीब स्वभावाचा. त्यानंतर जवळजवळ पासष्ट वर्षे या वंशावळीत नवी नोंद झाली नव्हती. ओक्लाहोमाच्या डुकरात सापडलेला विषाणू ‘क’च्या प्रतिपिंडांना ओळख देत नाही आणि ‘क’बरोबर जनुकांची देवघेवही करीत नाही, असे दिसून आल्यावर तो ‘क’चा एक प्रकार नसून स्वतंत्र भाऊ आहे असा निर्वाळा देण्यात आला, आणि २०१६ साली विषाणूंच्या नामकरणाची जबाबदारी वाहणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने त्याला ‘ड’ हे अक्षर रीतसर बहाल केले.

‘अ’ आणि ‘ब’ यांची जनुकसंपत्ती आठ तुकड्यांत विभागलेली असते, तर ‘क’ आणि ‘ड’ यांची सात तुकड्यांत. एका तुकड्याचा हा फरक क्षुल्लक नाही. आपल्या श्वासमार्गातील पेशींच्या पृष्ठभागावर शर्करेच्या साखळ्या असून त्यांच्या टोकाला सियालिक आम्ल नावाचा घटक असतो; इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूला पेशीत शिरण्यासाठी याच टोकाला पकडावे लागते, आणि काम उरकून बाहेर पडताना तेच टोक तोडून मोकळे व्हावे लागते. ‘अ’ने या दोन कामांसाठी दोन निरनिराळी प्रथिने नेमली आहेत, आणि ‘एच५एन१’सारख्या नावांतील दोन अक्षरे त्या दोन प्रथिनांचीच आद्याक्षरे आहेत. ‘क’ आणि ‘ड’ यांच्याकडे मात्र, एखाद्या लहान गावात पाटील, कुलकर्णी आणि चौगुला या तिघांची कामे एकाच वतनदाराने पाहावीत त्याप्रमाणे, पकडणे, तोडणे आणि पेशीच्या आवरणाशी एकजीव होणे ही तिन्ही कामे एकच प्रथिन करते. ‘ड’च्या या प्रथिनात पकडीची खोबण ‘क’पेक्षा अधिक ऐसपैस आहे, आणि त्यामुळे सियालिक आम्लाच्या एकाहून अधिक आकृती तिच्यात बसू शकतात. ज्याची किल्ली अनेक कुलपांना लागते, त्याला अनेक घरांची दारे उघडी असतात. त्यातच हा विषाणू चिवट आहे: ५३ अंश सेल्सिअसच्या उष्णतेत दोन तास ठेवला तरी तो तग धरतो, आणि ज्या आम्लतेत त्याचे भाऊबंद निकामी होतात ती आम्लताही तो सोसतो.

डुकरात सापडला म्हणून हा विषाणू डुकराचाच असेल, असे प्रथम कोणालाही वाटले असते. परंतु डुकरांच्या रक्तात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे शोधली असता ती थोड्याच जनावरांत मिळाली, आणि गुरांच्या रक्तात शोधली असता ती जागोजाग मिळू लागली. २०१४ साली हाउस, ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे प्रतिपादन केले की, या विषाणूचे खरे माहेर गाय-बैलांत असून डुकरे ही त्याची पाहुणी घरे होत. ही गोष्ट पशुवैद्यांना अनपेक्षित होती. माणसाला, डुकराला, घोड्याला आणि कोंबडीला इन्फ्ल्यूएंझा होतो हे ठाऊक होते. गायीला तो होत नाही, निदान लक्षात घेण्याजोगा होत नाही, हे पाठ्यपुस्तकांतले जवळजवळ गृहीत वाक्य होते.

मग गायीला होणारे पडसे इतकी वर्षे कोणत्या खात्यावर जमा होत होते? याचे उत्तर अमेरिकेतील मांसाच्या व्यापाराच्या रीतीत आहे. तेथे कुरणावर जन्मलेली वासरे सहा-आठ महिन्यांची झाली की आईपासून तोडली जातात, लिलावात विकली जातात, आणि मालमोटारीत भरून शेकडो मैल दूर असलेल्या विशाल कोंडवाड्यांत पुष्ट होण्यासाठी नेली जातात. निरनिराळ्या गोठ्यांतून आलेली, आईच्या दुधापासून नुकतीच तुटलेली, प्रवासाने थकलेली आणि धुळीने कोंदलेली ती वासरे एका दावणीला लागली की पहिल्या काही आठवड्यांतच त्यांच्यापैकी कित्येक ढासू लागतात, नाकातून शेंबूड गळू लागतो, कान लोंबतात, वैरणीवरचे मन उडते, आणि त्यांतली काही फुप्फुसाच्या दाहाने मरतात. या आजाराला गुराखी पूर्वीपासून प्रवासज्वर म्हणत आले आहेत. त्याची कारणे एकाहून अधिक आहेत हेही माहीत होते: काही विषाणू घशाची आणि श्वासनलिकेची राखण मोडतात, आणि मग एरवी नाकातच शांतपणे नांदणारे मॅनहायमिया, पाश्चुरेला यांसारखे जिवाणू फुप्फुसात उतरून खरा घात करतात. आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडी म्हशींचे प्राण घेणारा घटसर्प याच पाश्चुरेलाच्या एका जातीचा उपद्व्याप होय. प्रवासज्वराच्या आरोपींची यादी तयार होती, तिच्यातले कोणी ना कोणी प्रत्येक वेळी सापडत होते, आणि म्हणून यादीबाहेरचा आरोपी शोधण्याची गरज कोणाला भासली नाही. रोगाला नाव मिळाले की त्याचा तपास पुरा झाल्यासारखा वाटतो. प्रवासज्वर या शब्दाने नेमके हेच केले.

पुढे जेव्हा नमुन्यातील यच्चयावत जनुकद्रव्य एकदम वाचण्याचे तंत्र हाती आले आणि २०१५ साली कॅलिफोर्नियातील आजारी व निरोगी वासरांच्या नाकातील द्रव शेजारी शेजारी ठेवून वाचले गेले, तेव्हा आजारी वासरांत इतर काही विषाणूंबरोबर ‘ड’ही वारंवार आढळला. निरोगी वासरांच्या नाकात तो मुद्दाम सोडून पाहिला असता वासरांना सौम्य खोकला-पडसे झाले, श्वासनलिकेला सूज आली, आणि शेजारी बांधलेल्या वासरांनाही तो लागला. एकटा असताना तो गायीला मारीत नाही. परंतु ज्या वाटेने पुढे मारेकरी आत शिरतात त्या वाटेची कडी काढून ठेवण्याच्या कामी त्याचा हात असावा, असे मानण्यास यामुळे सबळ आधार मिळतो.

एकदा कोठे पाहावयाचे हे कळल्यावर तो सर्वत्र दिसू लागला. फ्रान्स, इटली, आयर्लंड, चीन, जपान आणि मेक्सिको येथील गुरांत तो सापडला. आफ्रिकेतील टोगो, बेनिन व मोरोक्को येथील जनावरांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे मिळाली, आणि केनियातील उंटांच्या रक्तातही तीच खूण आढळली. शेळ्यामेंढ्या आणि घोडे यांच्याही रक्ताने अशीच साक्ष दिली. सर्वांत बोलकी साक्ष मात्र नेब्रास्कातील एका शीतकपाटातून निघाली. तेथे २००३ आणि २००४ साली अन्य कारणासाठी गोळा केलेले गुरांचे रक्तजल जपून ठेवलेले होते; ते बाहेर काढून तपासले तेव्हा त्यांतील सुमारे ८० टक्के नमुन्यांत ‘ड’ची प्रतिपिंडे निघाली. म्हणजे ज्या विषाणूचा जन्म आपण २०११ साली झाला असे समजत होतो, तो त्यापूर्वी निदान आठ वर्षे त्या कळपांतून सुखेनैव हिंडत होता. नवा होता तो विषाणू नव्हे, आपले त्याकडे लक्ष जाणे नवे होते.

माणसाला यापासून भय आहे काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. फ्लोरिडात गुरांमध्ये वावरणाऱ्या लोकांच्या एका लहानशा गटाचे रक्त तपासले असता जवळजवळ सर्वांच्या रक्तात या विषाणूची प्रतिपिंडे आढळली, आणि गुरांशी संबंध नसलेल्यांत ती पाचांतून एकापेक्षाही कमी लोकांत मिळाली. याचा अर्थ गोठ्यात काम करणाऱ्याच्या शरीराशी हा विषाणू परिचय करून घेतो. माणसाच्या इन्फ्ल्यूएंझाचा अभ्यास ज्यांच्यावर करतात त्या फेरेटांच्या नाकात तो वाढतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातोही, परंतु त्यांना आजारी पाडीत नाही. माणसाला त्याने निश्चितपणे आजारी केल्याचा ठाम पुरावा मात्र पुढे आलेला नाही. एवढ्यावरून निर्धास्त व्हावे की सावध राहावे, याचा निर्णय करण्यापूर्वी त्याच कुटुंबातील थोरल्या भावाने २०२४ साली काय केले ते पाहिले पाहिजे.

त्या वर्षाच्या आरंभी टेक्सास राज्याच्या उत्तर भागातील दुग्धालयांत एक चमत्कारिक आजार दिसू लागला. ऐन दुधात असलेल्या वयस्क गायी वैरण खाईनाशा झाल्या, त्यांचे दूध एकाएकी आटले, आणि जे निघाले ते व्यालेल्या गायीच्या पहिल्या चिकासारखे दाट आणि पिवळसर होते. खरवसाचा चीक कोणत्या दिवशी निघतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला वेताचे कित्येक महिने उलटलेल्या गायीच्या सडांतून तो निघताना पाहून काय वाटेल याची कल्पना करता येईल. परंतु रोगाचे नाव गायींनी सांगितले नाही; ते सांगितले मांजरांनी. गोठ्यात राहून कच्चे दूध पिणारी मांजरे आंधळी होऊन, तोल जाऊन मरू लागली, रानटी पक्षीही मेलेले आढळले, आणि २५ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या कृषी खात्याने जाहीर केले की, गायींच्या दुधात एच५एन१ हा पक्ष्यांच्या इन्फ्ल्यूएंझाचा उग्र विषाणू सापडला आहे. त्या आधीच मिनेसोटात आजारी कोंबड्यांच्या सहवासातील शेळीच्या करडांतही तो मिळाला होता.

जो विषाणू फुप्फुसाचा म्हणून प्रसिद्ध, तो येथे कासेत मुक्काम करून होता. गायीच्या कासेतील पेशींवर पक्ष्यांच्या विषाणूला लागणारे सियालिक आम्लाचे टोक विपुल असते आणि माणसाच्या विषाणूला लागणारेही असते, असे तपासांती दिसले. दूध काढण्याच्या यंत्राची जी नळी एका गायीच्या सडाला लागते तीच पुढच्या गायीच्या सडाला लागते, आणि दुभती जनावरे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकली जातात. एवढ्या दोन वाटा विषाणूला पुरेशा झाल्या. एप्रिलअखेर सरकारने दुभत्या गायीला परीक्षेच्या दाखल्यावाचून राज्याची सरहद्द ओलांडता येणार नाही असा हुकूम काढला खरा, परंतु तोवर उशीर झाला होता. सव्वा वर्षाच्या आत हजाराहून अधिक कळप बाधित झाले. धारा काढणाऱ्या कामगारांचे डोळे लाल झाले, काहींना ताप आला. अमेरिकेत या काळात गायी व कोंबड्या यांच्या संसर्गाने सुमारे ७० माणसे बाधित झाली. दुकानांतील दुधाची तपासणी झाली तेव्हा दर पाच नमुन्यांतून एकात विषाणूचे अवशेष मिळाले, परंतु जिवंत विषाणू एकातही मिळाला नाही, कारण पाश्चरच्या पद्धतीने दिलेल्या उष्णतेने त्याचा निकाल लावला होता.

या प्रकरणातील सर्वांत विचार करण्यासारखी गोष्ट पुढेच आहे. इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू गायीच्या कासेत सोडला तर तो तेथे वाढतो, हे कॅनडातील संशोधकांनी १९५० नंतरच्या दशकातच प्रयोगाने दाखवून ठेवले होते. तो निबंध छापलाही गेला होता. सत्तर वर्षे तो ग्रंथालयाच्या फडताळात पडून राहिला, जसे नेब्रास्कातले रक्तजल शीतकपाटात पडून होते. आणि गायीला इन्फ्ल्यूएंझा होत नाही या वाक्याला त्याने यत्किंचितही बाध आणला नाही. ‘ड’ने गायीला साधे पडसे दिले म्हणून ते प्रवासज्वरात जमा झाले, आणि एच५एन१ने कासेत घर केले म्हणून आरंभीचे कित्येक आठवडे ते एक गूढ दूध-आटणे ठरले. एक विषाणू सौम्य, दुसरा उग्र. परंतु दोघांनाही जी मुदत मिळाली ती आपल्या गृहीतानेच दिली.

आपल्या मुलखाला हा विषय परका नाही. भारतातील कोंबड्यांमध्ये एच५एन१ पहिल्याने सापडला तो फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे, आणि २०२५ च्या आरंभी नागपूरजवळच्या गोरेवाडा बचाव केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या याच विषाणूने दगावल्याचे भोपाळच्या प्रयोगशाळेने सांगितले. विषाणू पक्ष्यातून मांसाहारी श्वापदात जाण्याची वाट आपल्या दाराशीच एकदा उघडून गेली आहे. आपल्या बाजूला एक भक्कम गोष्ट उभी आहे, ती म्हणजे दूध तापवून, त्यावर साय धरेपर्यंत चुलीवर ठेवून मगच ते घरात वापरण्याची आपल्या आयाआजींची रीत. ती रीत शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरते. परंतु आपल्या गोठ्यांत कोंबडी, शेळी, गाय, म्हैस आणि मांजर ही एकाच छपराखाली नांदतात, आणि आठवड्याच्या बाजाराला निरनिराळ्या गावांची जनावरे खांद्याला खांदा लावून उभी राहतात; विषाणूला यापेक्षा अधिक आदरातिथ्य कोठे मिळेल?

म्हणून गोठेवाल्यांना विनंती एवढीच की, वासरू ढासू लागले किंवा दुभती गाय अकारण आटली तर ‘हवा लागली’ या पाच अक्षरी निदानावर प्रकरण मिटवू नये. गुरांच्या दवाखान्यात वर्दी द्यावी आणि नमुना घेण्याचा आग्रह धरावा. बाजारातून आणलेले जनावर काही दिवस वेगळे बांधावे. आजारी जनावराची धार सर्वांत शेवटी काढावी, नंतर हात आणि भांडी साबणाने धुवावीत, आणि ते दूध मांजरालाही घालू नये. पशुवैद्यांना विनंती अशी की, नकारार्थी आलेल्या परीक्षेवर अखेरचा शेरा मारण्यापूर्वी क्षणभर थांबावे. ओक्लाहोमाच्या त्या डुकराचा नमुनाही पहिल्या परीक्षेत नकारार्थीच आला होता.